सत्तावीस की वीस सात? एकक आधी उच्चारण्याच्या रीतीविषयी

पर्वतीपायथा:

नमस्कार. आमच्या भागातील किराणा दुकानांत पैसे जमा झाल्याचे सांगणारे छोटे यंत्र आता मराठीत बोलते. त्यातून 'एकोणऐंशी रुपये प्राप्त झाले' असे शब्द आले, की समोर उभी असलेली महाविद्यालयीन मुले खात्री करून घेण्यासाठी मोबाइलच्या पडद्यावर 79 हा आकडा शोधतात. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात दुसरीला आहे. तिला 'बासष्ट' लिहायला सांगितले तर ती आधी 2 लिहिते, मग त्याच्या डावीकडे जागा आहे का ते पाहते आणि जागा नसेल तर 26 लिहून मोकळी होते. शब्दात दोन आधी ऐकू येतात व साठ मागून येतात, कागदावर मात्र सहाचा आकडा आधी असतो, त्यामुळे यात सगळा दोष तिचाच आहे असे मला वाटत नाही.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असे वाचन आले, तेव्हा पुण्यात आणि एकूणच महाराष्ट्रात त्यावर केवढा गदारोळ झाला होता, हे आपल्याला आठवत असेल. त्या वेळचे विनोद कृपया येथे पुन्हा नकोत. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की एकक आधी आणि दशक नंतर उच्चारण्याची ही रीत जगात आणखी कोणत्या भाषांत आहे, ती एखाद्या देशाने ठरवून बदलली आहे का, आणि बदलली असल्यास लोकांनी ते मान्य केले का. शिवाय आपल्या संख्यानामांत इतकी वेगवेगळी रूपे का आहेत, हेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

लकडीपूल:

मी अनेक वर्षे जर्मन शिकवतो. हा प्रश्न आमच्या वर्गात दर तुकडीला निघतो, आणि गंमत म्हणजे मराठी विद्यार्थ्यांना तो इंग्रजीवर वाढलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी छळतो. जर्मनमध्ये 21 म्हणजे 'आइन-उन्ड-त्स्वान्त्सिश', अर्थात 'एक आणि वीस'. डच आणि डॅनिश याच वाटेने जातात. अरबीतही 'एक आणि वीस' असेच म्हणतात. इंग्रजीतही पूर्वी 'चार आणि वीस' अशी रचना सर्रास होती, आणि तिची खूण तेरापासून एकोणिसापर्यंतच्या शब्दांत आजही शिल्लक आहे, कारण त्या सात शब्दांत एकक आधी येतो आणि दहा मागून येतात. चेक भाषेत तर दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. 25 साठी 'वीस पाच' म्हटले तरी चालते आणि 'पाच-नि-वीस' म्हटले तरी चालते.

देशाने ठरवून केलेल्या बदलाचे ठळक उदाहरण नॉर्वेचे आहे. तेथे पूर्वी डॅनिशप्रमाणे 'एक-नि-वीस' असे वाचन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्लोत दूरध्वनीचे क्रमांक सहा अंकी होऊ लागले. लोक ते क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्या करून सांगत, त्यामुळे ऐकताना उलटापालट होऊन चुकीच्या ठिकाणी फोन लागण्याचे प्रमाण त्रासदायक झाले. म्हणून दूरध्वनी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यानेच 'वीस-एक' अशा वाचनाचा आग्रह धरला. संसदेने तो मान्य केला आणि 1 जुलै 1951 पासून शाळा, नभोवाणी व सरकारी कामकाज यांत नवी रीत सुरू झाली. याची मागणी व्याकरणकारांनी किंवा शिक्षणतज्ज्ञांनी केलेली नव्हती, ती दूरध्वनी खात्याकडून आली, हे मला फार बोलके वाटते. लोकांनी ती स्वीकारली का, याचे उत्तर 'अर्धीमुर्धी' असे द्यावे लागेल. सत्तर वर्षे उलटून गेली तरी पुष्कळ नॉर्वेजियन माणसे एकाच संभाषणात दोन्ही रीती वापरतात, म्हणजे फोन नंबर सांगताना नवी आणि वय सांगताना जुनी.

जर्मनीत बोखुम येथे 2004 साली एक संस्था स्थापन झाली. तिचे नावच 'त्स्वान्त्सिश-आइन्स', म्हणजे थेट 'वीस एक' असे आहे. जुनी रीत काढून टाकावी असे तिचे म्हणणे नाही, शाळेत दोन्ही शिकवाव्यात एवढीच तिची मागणी आहे. जर्मन जनतेने तिला फारसा प्रतिसाद दिलेला नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी पुण्याहून जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. तेथे कोणी 'हाल्ब द्राय' वाजता भेटू म्हटले, तर त्याचा शब्दशः अर्थ 'अर्धा तीन' असला तरी ती वेळ साडेतीनची नसून अडीचची असते. तिसरा तास अर्धाच भरला आहे, असा त्यामागचा विचार आहे.

हुबळीहून:

मी मूळचा हुबळीचा असून नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालो आहे आणि घरी कन्नड बोलतो. आमच्याकडे 21 म्हणजे 'इप्पत्तोंदु' आणि 27 म्हणजे 'इप्पत्तेळु'. वीस आधी येतात आणि एक किंवा सात मागून. एक ते दहा आणि दहाचे पाढे एवढे शब्द आले की नव्याण्णवपर्यंतचे बाकीचे शब्द मूल स्वतःच घडवू शकते. तेलुगू, तमिळ आणि मल्याळम यांतही तोच क्रम आहे. त्यामुळे 2019 सालच्या वादात ज्यांनी 'वीस सात' ही इंग्रजीची नक्कल असल्याचे म्हटले, त्यांनी सोलापूर ओलांडून थोडे पुढे जायला हवे होते असे मला नम्रपणे वाटते. त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली होती. ती बहुतेकांनी ऐकून न घेताच निकाल दिला.

मात्र द्राविडी भाषा अगदी निर्मळ आहेत असाही दावा मी करणार नाही. तमिळमध्ये नऊच्या शब्दाच्या शेवटी 'दहा' दडलेला आहे, नव्वदसाठी 'तोण्णूरु' म्हणतात ज्यात 'नूरु' म्हणजे शंभर आहे, आणि नऊशेसाठी 'तोळ्ळायिरम्' म्हणतात ज्यात 'आयिरम्' म्हणजे हजार आहे. नऊ, नव्वद आणि नऊशे या तिन्ही ठिकाणी पुढच्या पायरीचे नाव आधीच घेऊन ठेवलेले आहे.

आणखी एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. श्रीलंकेतील सिंहली ही भाषा आपल्या मराठीच्याच कुळातील, म्हणजे संस्कृत-प्राकृताच्या वंशातील आहे. तरीही तेथे 21 ला 'विसि एक' असे म्हणतात. ज्याला आपण 'पुस्तकी प्रयोग' म्हणून हसलो, तो शब्द जवळजवळ जसाच्या तसा एका मोठ्या भगिनीभाषेत रोजच्या बाजारहाटात वापरला जातो. युरोपात शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या रोमा लोकांची भाषाही भारतीय कुळातीलच आहे, आणि तेथेही 'वीस आणि एक' असाच क्रम आढळतो.

चिकित्सक:

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु दोघांनीही क्रमावर भर दिला आहे. माझ्या मते मराठी मुलाची खरी अडचण क्रमाची नाही. जर्मन मुलालाही क्रम उलटाच शिकावा लागतो, पण त्याच्या शब्दात 'एक', 'आणि' व 'वीस' हे तिन्ही तुकडे स्वच्छ वेगळे ऐकू येतात. आपल्याकडे ते तुकडे एकमेकांत इतके विरघळले आहेत की शंभर शब्द जवळजवळ शंभर स्वतंत्र शब्दांप्रमाणे पाठ करावे लागतात.

'सहा' या एकाच अंकाकडे पाहा. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. मूळ संस्कृत 'षट्' हा शब्द येथे कोठे 'सो', कोठे 'स', कोठे 'छ', कोठे 'सेहे' तर कोठे 'शहा' झाला आहे. दशकांचीही तीच गत आहे. सुटा असताना 'सत्तर' म्हणतो, पण एकाहत्तरमध्ये त्याचा 'हत्तर' होतो, कारण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'स'चा प्राकृतात 'ह' झाला. सुटा असताना 'पन्नास' म्हणतो, पण बावन्नमध्ये 'वन्न' राहतो, कारण त्याच परिस्थितीत 'प'चा 'व' झाला. त्रेपन्न आणि छप्पन्न येथे मात्र 'प' टिकला. छप्पन्नचे कारण स्पष्ट दिसते: 'षट्'मधील अंत्य व्यंजन पुढच्या 'प'मध्ये मिसळून तो दुहेरी झाला आणि दुहेरी व्यंजन सहजासहजी झिजत नाही. म्हणजे ही रूपे मनमानी नाहीत. प्रत्येक रूपामागे ध्वनीचा नियम आहे, फक्त तो नियम दीड-दोन हजार वर्षांपूर्वी चालला आणि आज बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. हिंदी, गुजराती, बंगाली, नेपाळी या भाषांनाही हाच वारसा मिळाला आहे आणि त्यांची मुलेही हेच कष्ट घेतात.

आता उलट्या क्रमाबद्दल. आपल्या पूर्वजांना तो मुळीच खटकत नव्हता, उलट त्यांनी त्याचा नियमच केला होता. 'अङ्कानां वामतो गतिः', म्हणजे अंकांची गती डावीकडे असते, हे वचन जुन्या ज्योतिषग्रंथांच्या अभ्यासकांना परिचित आहे. श्लोकात संख्या गुंफताना नेत्र म्हणजे दोन, बाण म्हणजे पाच, चंद्र म्हणजे एक अशी सांकेतिक नावे वापरत, आणि ती एककापासून सुरू करीत. त्यामुळे 'नेत्र-बाण-चंद्र' असे लिहिले असेल तर ती संख्या 251 नसून 152 होते. शिलालेखांतील शके वाचताना हा नियम विसरला तर शतकांचा घोटाळा होतो. अरबीत गंमत आणखी वेगळी आहे. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे आपल्याप्रमाणेच मांडलेले असतात. साहजिकच 27 वाचताना अरबी डोळ्यांना आधी सात भेटतो, मग वीस, आणि तोंडानेही ते 'सात आणि वीस' असेच म्हणतात. तेथे दोन अंकी संख्येपुरते तरी लेखन आणि उच्चार यांचे भांडण मिटलेले आहे.

'वीस सात'ला माझा विरोध नाही. पण ते शिकवताना 'सत्तावीस' सोडून देणे परवडणारे नाही, कारण यंत्रे, दुकानदार आणि आजी हे तिघेही 'सत्तावीस'च म्हणणार आहेत.

जमाखर्च:

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. भाषाशास्त्र मला येत नाही, पण पाढे येतात. लकडीपूल यांनी 'अर्धा तीन' म्हणजे अडीच असे सांगितले, तेव्हा मला वाटले की ही गोष्ट आपल्या घरात असताना आपण ती जर्मनीत शोधत आहोत. 'अडीच' हा शब्द 'अर्धतृतीय' यावरून आला आहे, म्हणजे तिसरा ज्यात अर्धा आहे तो. 'दीड' हा 'द्व्यर्ध' यावरून आला, म्हणजे दुसरा अर्धा. आमच्या वडिलांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करावे लागत. त्यातील 'औट' म्हणजे साडेतीन, आणि तोही 'चौथा अर्धा' याच विचारातून आलेला आहे. संतांच्या वाणीत माणसाचा देह 'औट हात' आहे असे म्हणतात तो हाच औट. पुढे औट व्यवहारातून गेला आणि त्याची जागा 'साडेतीन'ने घेतली, म्हणून साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठे राहिली.

त्यामुळे आपल्या घड्याळात एका तासाच्या आत तीन निरनिराळे हिशेब चालतात. सव्वादोन म्हणजे दोनात पाव मिळवले, अडीच म्हणजे तिसरा अर्धा झाला, आणि पावणेतीन म्हणजे तीनातून पाव वजा केले. मंडईत भाजी घेताना सव्वाशे, दीडशे, अडीचशे, पाऊणशे हे शब्द आम्ही सहज वापरतो, पण दुसऱ्या भाषेच्या माणसाला ते समजावून सांगताना घाम फुटतो.

डॅनिश लोकांनी याच अडीचवर संपूर्ण इमारत उभी केली आहे. माझा मुलगा काही काळ कोपनहेगनला होता, त्याने हे मला समजावले. त्यांचा 50 साठीचा शब्द मुळात 'अडीच वेळा वीस' असा आहे, आणि तो 'अडीच'सुद्धा त्यांच्याकडे 'अर्धा तिसरा' असाच आहे. साठ म्हणजे तीन वेळा वीस, सत्तर म्हणजे औट वेळा वीस, ऐंशी म्हणजे चार वेळा वीस आणि नव्वद म्हणजे साडेचार वेळा वीस. त्यातील 'वेळा वीस' हा भाग बोलताना आता गळून पडला आहे, त्यामुळे डॅनिश माणूस पन्नास म्हणतो तेव्हा खरे तर तो 'अडीच' एवढेच म्हणत असतो. त्यावर एकक आधी ठेवण्याची सवय आहेच, म्हणून 55 म्हणजे 'पाच आणि अडीच'. शेजारच्या स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकांनाही ही आकडेमोड चकवते, असे मुलगा सांगत असे.

विसांनी मोजणे आपल्यालाही परके नाही. माझ्या लहानपणी मुळशीकडून येणारी वयस्कर माणसे 'तीन विसा आणि पाच' असे म्हणत, म्हणजे पासष्ट. फ्रेंचांनी हीच रीत शहरात, शाळेत आणि सरकारात टिकवून ठेवली. त्यांच्याकडे सत्तरला 'साठ-दहा' म्हणतात, ऐंशीला 'चार-वीस' आणि नव्याण्णवला 'चार-वीस-दहा-नऊ'. पॅरिसमध्ये डोळ्यांचे एक फार जुने रुग्णालय आहे, त्याचे नावच 'पंधरा-वीस' असे आहे, कारण तेराव्या शतकात राजा नववा लुई याने ते तीनशे अंधांसाठी स्थापन केले. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधील फ्रेंच लोक मात्र सत्तर आणि नव्वदसाठी सरळ, दहाच्या हिशेबाचे शब्द वापरतात. ऐंशीबाबत त्यांचेही एकमत नाही. बेल्जियममध्ये 'चार-वीस'च चालते, तर स्वित्झर्लंडच्या काही भागांत ऐंशीसाठीही वेगळा सरळ शब्द आहे. एकाच भाषेत एवढे मतभेद शांतपणे नांदतात, हे पाहून 2019 साली आपण जरा जास्तच तापलो होतो असे वाटते.

मुलीबाबत एक व्यावहारिक सूचना. तिला एक ते शंभर ओळीने पाठ करायला लावण्याऐवजी उभे गट करून म्हणायला लावा: तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. 'त' किंवा 'त्र' ऐकू आला की शेवटी 3 लिहायचा आहे, हे कानाला आपोआप कळू लागते. आणि लिहिताना आधी दशकाची जागा मोकळी सोडून 3 लिहिला तरी रागावू नका, आमच्या बँकेत अनेक जुने कारकून तसेच लिहीत आणि त्यांचा ताळेबंद जुळत असे.

पर्वतीपायथा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उभे गट करून म्हणण्याची कल्पना आजपासूनच सुरू करते. एक शंका मात्र उरली आहे. एकोणीस, एकोणतीस असे करत आपण एकोणनव्वदपर्यंत येतो, म्हणजे पुढच्या दशकातून एक वजा करतो. मग नव्याण्णवला 'एकोणशंभर' का म्हणत नाही? आणि ही वजाबाकी फक्त आपलीच आहे का?

चिकित्सक:

वजाबाकी आपल्यापुरती मर्यादित नाही. लॅटिनमध्ये 18 म्हणजे 'विसाला दोन कमी' आणि 19 म्हणजे 'विसाला एक कमी' असे शब्द होते. त्यांनी तर आपल्यापेक्षा एक पाऊल अधिक मागे घेतले. नायजेरियातील योरूबा भाषेत पंधरापासूनच 'विसाला पाच कमी' अशी सुरुवात होते, आणि तेथील पन्नास म्हणजे 'तीन विसांना दहा कमी' असल्यामुळे पंचेचाळीस सांगताना वजाबाकीच्या पोटात वजाबाकी येते.

नव्याण्णवचे उत्तर संस्कृतात आहे. तेथे दोन्ही प्रकारची रूपे उपलब्ध होती. 19 साठी 'नवदश' आणि 'एकोनविंशति', 89 साठी 'नवाशीति' आणि 'एकोननवति', 99 साठी 'नवनवति' आणि 'एकोनशत'. पुढील भाषांनी यातून आपापली निवड केली. एकोणिसाच्या बाबतीत बहुतेकांनी वजाबाकी घेतली आणि नव्याण्णवच्या बाबतीत बेरीज घेतली. खरा फरक एकोणनव्वदमध्ये दिसतो. हिंदीने 'नवाशीति' उचलून 'नवासी' केले, गुजरातीने 'नेव्यासी' केले, आणि मराठीने मात्र 'एकोननवति' धरून 'एकोणनव्वद' केले. हिंदीभाषक सहकाऱ्याने 'नवासी' म्हटल्यावर पुण्यातील माणूस क्षणभर 79 की 89 अशा विचारात पडतो, त्याचे कारण हेच. बंगालीत मात्र 'ऊननब्बइ' म्हणतात, म्हणजे या एका बाबतीत कोलकाता आपल्या बाजूला आहे.